ॲपचं उत्तर बरोबर, तरी गोळी चुकली: लांब पल्ल्याच्या शिकारीमागचं गणित

आमच्या टीममधला एक सिनिअर डेव्हलपर अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो. ऑक्टोबर संपत आला की तो आठवडाभर गायब असतो, कारण तेव्हा तिथे एल्कच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ, नर सहज ३०० किलो भरतो. सरकारी परवाना काढायचा, ठरलेल्या दिवसांतच शिकार करायची आणि मग ते मांस त्याच्या घरी हिवाळाभर पुरतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे मला हा सगळा प्रकार नवीनच होता.

एकदा कॉल संपल्यावर त्याने मला फोनमधलं एक ॲप दाखवलं. अंतर, हवेचा दाब, तापमान, वारा आणि गोळीची माहिती टाकली की दुर्बिणीची चकती किती फिरवायची ते ॲप सांगतं. मी म्हटलं, मस्तच की! त्यावर त्याने त्याचा एक अनुभव सांगितला. काही वर्षांपूर्वी ५४० यार्डांवर एक एल्क उभा होता. ॲपने सांगितलं तसं सेटिंग केलं, नेम धरला, चाप ओढला. एल्क दचकला, कुबड काढल्यासारखा वाकला आणि झाडीत शिरला. दोन दिवस शोधलं. आधी थोडं रक्त दिसलं, मग तेही दिसेनासं झालं. एल्क मिळाला नाही.

"ॲपचं उत्तर बरोबर होतं," तो म्हणाला. "मी नंतर सगळे आकडे पुन्हा टाकून बघितले."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. उत्तर बरोबर, तरी निकाल चुकीचा. आपल्या कामात असं झालं तर आपण बग शोधतो. मीही शोधला.

गोळी सरळ जात नाही

सिनेमात गोळी सरळ रेषेत जाते. खऱ्या आयुष्यात ती नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून खाली पडू लागते, हातातून सुटलेल्या दगडासारखीच.

६.५ क्रीडमूर हे हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये आणलेलं काडतूस आज अमेरिकेत खूप चालतं. त्याची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. ५०० यार्ड म्हणजे ४५७ मीटर. (यार्ड म्हणजे आपला वारच, नऊवारी साडीतला.) हवा तिला अडवत राहते, त्यामुळे हे अंतर कापायला साधारण ०.६४ सेकंद लागतात. आता अकरावीचं सूत्र आठवा: अर्धा गुणिले जी गुणिले टी वर्ग. ०.५ × ९.८ × ०.६४ × ०.६४, म्हणजे २ मीटर. एक उंच माणूस उभा राहील एवढी ती गोळी खाली येते!

म्हणून नळीचं तोंड दुर्बिणीच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवलेलं असतं. २०० यार्डांवर नेम आणि गोळी एकाच जागी पडतील अशी रायफल जुळवली, तर ५०० यार्डांवर गोळी नेमाच्या साधारण सव्वा मीटर खाली लागते. पूर्वीचे शिकारी ३०० यार्डांच्या पुढे फारसे जायचे नाहीत, त्याचं मुख्य कारण हेच. अंतर डोळ्याने ओळखायचं आणि किती वर धरायचं ते अंदाजाने ठरवायचं. दरीपलीकडचं जनावर ४०० यार्डांवर आहे की ५०० वर, हे कोण सांगणार?

मग लेझर आला

रेंजफाइंडर नावाचं खिशात मावणारं यंत्र लेझरचा एक स्पंद पाठवतं आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतं. ५०० मीटर जाऊन यायला प्रकाशाला ३.३ मायक्रोसेकंद लागतात. अंतरात एक मीटरचा फरक म्हणजे वेळेत साधारण ६.७ नॅनोसेकंदांचा फरक. एवढं बारीक घड्याळ आज तळहातावर मावतं, हे मला तरी अजून भारी वाटतं.

पण लेझरचा झोत अंतरासोबत पसरतो. बटण दाबताना हात थोडा हलला, तर जनावराऐवजी त्याच्या पुढचं गवत किंवा मागचा डोंगर मोजला जातो. स्क्रीनवर आकडा येतोच. तो कशाचा आहे हे स्क्रीन सांगत नाही. ५०० यार्डांवर २० मीटरची चूक झाली तर गोळी साधारण १० सेंटिमीटर वर-खाली होते.

नंतर फोन या खेळात आला. विरळ हवेत गोळीला अडथळा कमी होतो. समुद्रसपाटीपेक्षा २,५०० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे २२ टक्के कमी असते आणि एल्क अशाच उंचीवर भेटतात. एवढ्या फरकाने ५०० यार्डांवर साधारण १० सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. बऱ्याच फोनमध्ये बॅरोमीटर असतोच, तर तोच वापरायचा.

इथे एक मजेदार सापळा आहे. तुम्ही पुण्यात असाल आणि तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल, तर आत्ता करून बघा. सेन्सरचा थेट आकडा दाखवणारं एखादं ॲप उघडा. ९४५ ते ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास दिसेल. मग हवामानाचं ॲप उघडा. ते १,०१० च्या आसपास सांगेल. दोन्ही बरोबर आहेत! हवामानवाले दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात, म्हणजे मुंबई-पुण्याची तुलना करता येते. सेन्सर मात्र तुम्ही उभे आहात तिथला खरा दाब सांगतो. गोळीच्या गणिताला हा दुसरा आकडा हवा. डोंगरात बसून कोणी हवामानाच्या ॲपमधला आकडा टाकला, तर ॲप हूं की चूं न करता समुद्रकिनाऱ्यावरचं उत्तर देतं. नाव एक आणि अर्थ दोन, हा बग आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलाय.

याहून साधी चूक म्हणजे विसरणं. चकती ५०० यार्डांसाठी फिरवली, गोळी झाडलीच नाही आणि चकती परत शून्यावर आणायची राहिली. तासाभराने २०० यार्डांवर हरीण आलं, तर गोळी त्याच्या जवळपास अर्धा मीटर वरून जाते. हा किस्सा शिकाऱ्यांमध्ये इतका नेहमीचा आहे की तो सांगताना आता कोणी लाजतही नाही.

वारा कुठल्याच ॲपमध्ये नाही

इथपर्यंतचं सगळं काळजी घेतली तर सुटतं. गुरुत्वाकर्षण रोज सारखंच असतं. खरी अडचण वाऱ्याची आहे.

ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ही गोळी ५०० यार्डांवर साधारण ४० सेंटिमीटर बाजूला ढकलतो. ८०० यार्डांवर तोच वारा तिला मीटरभराहून जास्त ढकलतो. अंतर दीडपटीहून थोडं वाढलं आणि चूक अडीचपटीच्या पुढे गेली.

वारा मोजायला केस्ट्रेलसारखी यंत्रं आहेत. त्यात छोटा पंखा फिरतो आणि ते ब्लूटूथने फोनशी बोलतं. पण ते मोजतं तुमच्या हाताजवळचा वारा. गोळीला जायचंय दरी ओलांडून. मध्ये वारा खालून वर चढत असतो, पलीकडच्या उतारावर उलट्या दिशेने वाहत असतो आणि तिथे यंत्र धरायला कोणी उभं नसतं. शिकारी गवत कुठे झुकलंय, पानं किती हलतायत हे बघतो आणि अंदाज करतो. तो अंदाज ॲपमध्ये टाकला की उत्तर दशांश चिन्हासकट येतं. माझ्या मते सगळी फसगत इथेच होते. अंदाज आत जातो आणि बाहेर येताना मोजमापाचे कपडे घालून येतो.

मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. जनावराच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांची जागा २५ सेंटिमीटर व्यासाची धरली, म्हणजे मोठ्या हरणाएवढी. (एल्कची याहून मोठी असते.) वाऱ्याच्या अंदाजात साधारणपणे ताशी ४ किलोमीटरची चूक धरली, जी चांगल्या शिकाऱ्याचीही होते. रायफल आणि हाताचा थोडा हलकेपणा धरला आणि हजारो गोळ्या झाडल्या, म्हणजे लूप फिरवला. २०० यार्डांवर जवळजवळ सगळ्या आत. ५०० यार्डांवर १०० पैकी साठेक आत. ८०० यार्डांवर जेमतेम २०. गृहीतकं माझी आहेत, तुम्ही ती बदलाल तर आकडे बदलतील. पण उतार किती तीव्र आहे ते बघा. आणि या तिन्ही वेळी ॲपचं उत्तर बरोबरच होतं. ब्रायन लिट्झ हे क्षेपणास्त्रांवर काम केलेले एक अमेरिकन इंजिनिअर आहेत. त्यांची अप्लाइड बॅलिस्टिक्स कंपनी अशी विश्लेषणं फार खोलात जाऊन करते.

कागदी निशाण्यावर उरलेल्या चाळीस गोळ्या म्हणजे कमी गुण. जनावराच्या बाबतीत तसं नाही. त्याचं शरीर त्या २५ सेंटिमीटरच्या वर्तुळापेक्षा बरंच लांब असतं. गोळी मागच्या बाजूला ३० सेंटिमीटर सरकली तर ती हवेत जात नाही, पोटात जाते. असं जनावर लगेच पडत नाही. तासन्‌तास चालतं आणि कुठेतरी दूर जाऊन मरतं.

आणि ते उभं राहत नाही

५०० यार्डांवर एल्क बंदुकीचा आवाज ऐकून पळू शकत नाही, कारण गोळी आवाजाच्या आधी पोचते. आवाजाला तिथपर्यंत सव्वा सेकंदाहून जास्त लागतो. पण त्याला आवाजाची गरजच नाही. चरता चरता तो एक पाऊल टाकतो, एवढंच. साध्या चालीने, म्हणजे सेकंदाला १.३ मीटरने, तो ०.६४ सेकंदांत ८० सेंटिमीटर पुढे जातो. तुम्ही चाप ओढला तेव्हा तो स्थिर होता. गोळी पोचली तेव्हा नव्हता. हा डेटा कुठलाच सेन्सर देऊ शकत नाही, कारण चाप ओढताना तो डेटा अजून तयारच झालेला नसतो.

माझ्या सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या लक्षातच आली नसती. गोळी झाडल्यावर रायफलचा धक्का बसतो आणि दुर्बिणीतलं चित्र उडतं. पुन्हा बघाल तोवर जनावर हललेलं असतं. लागली की नाही, कुठे लागली, काही कळत नाही. मग दरी उतरायची आणि पलीकडे चढायचं, त्यात तास जातो. तिथे पोचल्यावर सगळी झुडपं सारखीच दिसतात. नेमकं कुठल्या झुडपाजवळ तो उभा होता? ५० यार्डांवरचा शिकारी दोन मिनिटांत रक्ताच्या पहिल्या थेंबापाशी असतो. त्याला ती जागा सापडायलाच चाळीस मिनिटं लागली होती.

रायफललाच कॉम्प्युटर जोडला तर?

हा प्रयोग होऊन गेलाय. टेक्ससच्या ट्रॅकिंगपॉइंट कंपनीने २०१३ मध्ये लिनक्सवर चालणारी दुर्बीण असलेली रायफल आणली. लक्ष्यावर बटण दाबून खूण करायची, चाप ओढून धरायचा आणि नेम बरोबर जुळला की रायफल स्वतः गोळी सोडणार. वायफायही होतं! किंमत १७,००० डॉलरच्या पुढे.

२०१५ मध्ये रुना सँडविक आणि मायकल ऑगर या सुरक्षा संशोधकांनी त्या वायफायमधून आत शिरून दाखवलं. त्यांनी गोळीच्या वजनाचा आकडा बदलून ७२ पाउंड केला, म्हणजे जवळपास ३३ किलोची गोळी. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही, इमानदारीत हिशेब केला आणि गोळी शेजारच्या निशाण्यावर लागली. इनपुट तपासण्याची एक ओळ कोणीतरी लिहायला हवी होती. (ज्युनिअर असताना माझाही एक पीआर याच कारणावरून परत आला होता, पण त्यातून गोळी सुटत नव्हती.) आणि हॅक बाजूला ठेवलं तरी वाऱ्याचा आकडा त्या रायफललाही माणसानेच द्यावा लागायचा.

अमेरिकेत याबाबत काही नियमही आहेत. आयडाहो राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी रायफलवर किंवा तिच्या दुर्बिणीवर इलेक्ट्रॉनिक उपकरण चालत नाही. दुर्बिणीतली खूण उजळणारा दिवा तेवढा चालतो. सगळं सामान धरून रायफल १६ पाउंडांपेक्षा, म्हणजे सव्वासात किलोंपेक्षा, जड नको. खिशातल्या फोनला बंदी नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या शिकारीबद्दल भूमिका घेताना अंतराचा आकडा दिलाच नाही. हेतू काय, असं ते विचारतात. आपलं सामान जिवंत जनावरावर किती लांबून चालतं हे तपासायचं असेल, तर ती शिकार नव्हे, असं त्यांचं म्हणणं. इंजिनिअर म्हणून मला आधी वाटलं, स्पष्ट मर्यादा का नाही दिली? ३०० म्हणा, ४०० म्हणा. पण शांत सकाळचे ४०० यार्ड आणि सुसाट वाऱ्यातले ४०० यार्ड हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तेव्हा एकच आकडा देणार तरी कसा.

माझ्या सहकाऱ्याने मात्र स्वतःसाठी आकडा ठरवलाय, ३०० यार्ड. वारा जाणवत असेल तर त्याहून कमी. ॲप त्याने काढून टाकलेलं नाही. उन्हाळ्यात लोखंडी पाट्यांवर ९०० यार्डांपर्यंत नेमबाजी करतो, तेव्हा वापरतो. गेल्या सीझनला त्याने रेंजफाइंडरच्या काचेतून काढलेला एक फोटो पाठवला. धूसर एल्क आणि खाली ६१२ हा आकडा. मी विचारलं, मग? तो म्हणाला, तीन तास रांगत जवळ जायचा प्रयत्न केला, मध्येच वारा फिरला, त्याला माझा वास लागला आणि तो निघून गेला.