रोपांच्या मुळांचे सोबती

1885 च्या सुमारास प्रशियाच्या सरकारने आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञावर सोपविलेली कामगिरी सर्वस्वी व्यवहारी होती: वनांत जमिनीखाली उगवणाऱ्या ट्रफल नामक मौल्यवान अळंबीची लागवड करता येईल काय, याचा शोध त्यांनी घ्यावयाचा होता. त्या शोधात झाडांची कोवळी मुळे न्याहाळता न्याहाळता त्यांच्या अग्रांवर बुरशीच्या तंतूंचे दाट वेष्टन चढलेले त्यांना आढळले, आणि हा रोग नसून उभयतांच्या हिताचा सहवास आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. तंतू दूरच्या मातीतून पाणी व क्षार आणून देतात आणि झाड आपल्या पानांत सिद्ध झालेली शर्करा त्यांना पुरविते. पुढे 1888 मध्ये हॉलंडात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी शेंगवर्गातील वनस्पतींच्या मूळगाठींतून नत्र स्थिर करणारे जिवाणू वेगळे काढले.

याच जिवाणूंचे, म्हणजे रायझोबियमचे, पुडे गुळाच्या पाण्यात कालवून तुरी-हरभऱ्याच्या बियाण्याला चोळावेत व बियाणे सावलीत सुकवावे, ही रीत आपल्याकडील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. वनरोपांच्या वाट्याला मात्र हा उपचार तुरळकच आला. रोपवाटिकेत पिशवी पोयटा, वाळू व शेणखत यांनी भरली, म्हणजे रोपाचा सारा बंदोबस्त झाला, असे मानण्याची वहिवाट पडली आहे. परंतु ज्या अरण्यातून बी आले, तेथील मुळांचे सोबती त्या पिशवीत असतीलच, याची हमी कोण देणार? पोर्तो रिकोच्या बेटावर पाइनची रोपे वर्षानुवर्षे खुरटून मरत राहिली, आणि 1955 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील पाइनवनाची माती त्यांच्या मुळांशी घातली, तेव्हा ती वाढीस लागली.

आपल्या नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथे मँगनीजच्या खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे ढिगारे पडले होते; त्यांत सेंद्रिय द्रव्य नाममात्र आणि धातूंचा अंश मुबलक. नीरी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी तेथे साखर कारखान्यातील प्रेसमड मिसळले, रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर व मूळबुरशी यांची जोड देऊन साग, शिसू इत्यादी वृक्षांची रोपे लावली, आणि त्या उजाड ढिगाऱ्यांवर वृक्षराजी उभी केली. या यशात प्रेसमडचा वाटा किती आणि सूक्ष्मजीवांचा किती, अशी फाळणी करू जाणे मला गैर वाटते. सेंद्रिय अन्नावाचून जिवाणू तगत नाहीत, आणि जिवाणूंवाचून ते अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही.

सरसकट एकच पुडा सर्व वृक्षांना लागू पडत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. खैर, बाभूळ, करंज, शिरीष यांच्या मुळांवर गाठी धरतात. बहावा शेंगांचा असूनही त्याला गाठी येत नाहीत, म्हणून त्याला चोळलेले रायझोबियम व्यर्थ जाते. उलट किनाऱ्यावरील सुरू शेंगवर्गातील नव्हे, तरी त्याच्या गाठींत एक निराळाच जिवाणू नत्र स्थिर करतो, आणि त्याला फ्रँक यांच्याच सन्मानार्थ फ्रँकिया हे नाव मिळाले आहे. सागाच्या मुळांतील बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही व जिवंत मुळावाचून वाढतही नाही. यास्तव कुंडीत ज्वारी किंवा मका वाढवून, त्यांच्या मुळांसह ती माती पिशवीत बियाण्याखाली घालावी लागते. त्यावर सुपर फॉस्फेटचा सढळ मारा केला, तर स्फुरद आयतेच मिळाल्याने झाड त्या बुरशीला थारा देईनासे होते.

1950 साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून लावलेल्या रोपांची मोजदाद दफ्तरी इमानाने नोंदली जाते. पण मुळांची कैफियत त्या दफ्तरात क्वचितच आढळते. माझी तजवीज अशी की, खैर-बाभळीची रोपे खडकाळ माळावर रवाना करण्यापूर्वी प्रत्येक वाफ्यातील दोन-चार पिशव्या फोडून गाठी नखाने चिराव्यात. आतून त्या तांबूस-गुलाबी निघाल्या, तर नत्राचे काम चालू आहे असे समजावे, आणि पांढुरक्या किंवा हिरवट निघाल्या, तर त्या वाफ्याला पुन्हा संवर्धक घातल्याखेरीज त्याची पाठवणी मंजूर करू नये.