चाकाआधी मडके!

मुलांच्या विनोदी चित्रपुस्तकांतला आदिमानव बहुधा एकच शोध लावतो, चाकाचा. दगडाचे चाक उतारावरून सुटते, त्यामागे तो आणि त्याच्यामागे डायनॉसॉर! मुले खदखदून हसतात. गंमत म्हणून हे ठीकच. पण डायनॉसॉर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच नाहीसे झाले, आणि गाडीच्या चाकाचे सर्वांत जुने पुरावे जेमतेम साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

मातीचे भांडे त्याहून कितीतरी जुने. चीनमधील शियानरेनदोंग गुहेतली खापरे सुमारे २० हजार वर्षांपूर्वीची आहेत. आरोग्याच्या दृष्टीने हा शोध फार मोलाचा ठरला. मांस आगीवर भाजता येते. पण धान्य आणि डाळी मऊ शिजवायच्या तर पाणी धरणारे भांडे हवे. शिजताना पिष्टमय कण पाणी शोषून फुगतात आणि पचायला सोपे होतात. दात न आलेले बाळ आणि दात पडलेली आजी, दोघांनाही पेज चालते. शिवाय पाणी उकळले की त्यातले बहुतेक रोगजंतू मरतात.

रांजणगावच्या तर नावातच रांजण आहे. याच शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते जव, मसूर, हुलगे पिकवत. चाकावर घडवलेली, तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली त्यांची भांडी आजही नजरेत भरतात.

त्याच मातीत दुःखही सापडले. दगावलेल्या लहान मुलांना दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून, घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळले. मडक्याने अन्न मऊ केले, तरी बालमृत्यू थांबले नाहीत. त्यासाठी स्वच्छ पाणी, पुरेसा आहार आणि पुढे लसींची गरज होती.

मडक्याबाबत आजही तेच खरे. माठातले पाणी गार असते. पण माठ रोज घासला नाही, हात बुडवून पाणी घेतले, तर तेच पाणी जुलाबाचे कारण ठरते. झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे हवेच.

पुढच्या वेळी चित्रातला आदिमानव चाकामागे धावताना दिसला, तर मुलांना एवढेच विचारावे : घरी त्याची पेज कशात शिजत असेल?