ठोके बरोबर, तारेचे टोक कुठे?

पेसमेकरची तपासणी फार वेळ खात नाही. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत बसवलेल्या डबीवर प्रोग्रामरचे हेड ठेवले की स्क्रीनवर आकडे येतात: बॅटरी किती उरली, तारेचा रोध किती, स्नायू चेतवायला किमान किती व्होल्ट लागतात आणि हृदयाच्या खालच्या कप्प्याचे किती टक्के ठोके यंत्राने दिले. पहिले तीन आकडे यंत्राची प्रकृती सांगतात. चौथा हृदयाबद्दल बोलतो, पण बरेचदा तो छापील पट्टीवरच राहतो. ‘बॅटरी उत्तम आहे’ एवढे ऐकून रुग्ण घरी जातो. ही तपासणी अर्धवट आहे असे माझे म्हणणे आहे. वर्षानुवर्षे ठोका कुठून आणि किती दिला जातो, यामुळे काही जणांच्या हृदयाचा स्नायूच दुबळा होतो, आणि ते इको केल्याशिवाय दिसत नाही.

निसर्गाची व्यवस्था अशी की वरच्या कप्प्यातून आलेला संदेश मधल्या पडद्यातल्या वाहक तंतूंवरून दोन्ही खालच्या कप्प्यांत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पसरतो आणि डावा कप्पा सगळीकडून एकदम आवळतो. रूढ पद्धतीत पेसमेकरची तार उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला अडकवतात. ही जागा हृदयाच्या सोयीची म्हणून ठरलेली नाही, तारेच्या सोयीची आहे. शिरेतून सरकवलेली तार तिथे सहज पोहोचते आणि टिकते. पण तिथून निघालेला संदेश हमरस्ता सोडून बांधाबांधाने जावा तसा स्नायूतून स्नायूत झिरपतो. ईसीजीवरचा ठोका रुंद होतो. मधला पडदा आधी आवळतो, तेव्हा डावीकडची बाहेरची भिंत ढिली असून ताणली जाते. ती आवळते तोवर पडदा सैलावलेला असतो. म्हणजे श्रमाचा एक भाग रक्त पुढे ढकलण्याऐवजी स्नायूंच्या आपसातल्या ओढाताणीत जातो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके असे पडत राहिले की कप्पा फुगतो, झडप गळू लागते, पंपाची ताकद उतरते. कृत्रिम ठोक्याने आकुंचन बिघडते हे कार्ल विगर्स यांनी 1925 मध्येच प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले होते. मात्र 1958 मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसला, तेव्हा प्रश्न माणूस जगण्याचा होता. कप्पा कसा आवळतो याचा विचार करायला सवड नव्हती, आणि ते योग्यच होते.

‘वय, रक्तदाब, धमन्यांचा आजार यांनी हृदय थकतेच, यंत्राला कशाला दोष?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास मोलाचे. 2002 च्या ‘डेव्हिड’ चाचणीतील रुग्णांची हृदये आधीच दुबळी होती आणि त्यांना ठोक्यांच्या आधाराची गरज नव्हती. एका गटात यंत्राला सतत ठोके द्यायला लावले, दुसऱ्यात ते राखीव ठेवले. वर्षभरात मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दाखल होण्याचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे 27 टक्के, दुसऱ्यात 16 टक्के निघाले. वय आणि आजार दोन्हीकडे सारखेच होते. फरक ठोक्यांचा होता. उलट बाजूचा पुरावा 2023 च्या ‘बुडापेस्ट’ चाचणीचा. उजवीकडून ठोके घेता घेता दुबळ्या झालेल्या हृदयांना डाव्या बाजूची तार जोडल्यावर मृत्यू किंवा दाखल होण्याचे प्रमाण सुमारे 32 टक्क्यांवरून 10 वर आले.

दुसरा आक्षेप भीतीचा. हे ऐकून कुणी पेसमेकरच नाकारला तर? पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये नाकारणे जिवावर बेतू शकते, आणि बहुसंख्य रुग्णांचे हृदय या ठोक्यांवरही चांगले राहते. 2014 च्या एका अमेरिकी अभ्यासात 257 पैकी 19.5 टक्क्यांना, 2016 च्या दुसऱ्यात 823 पैकी 12.3 टक्क्यांना ठोक्यांमुळे हृदय दुबळे होण्याचा हा विकार झाला. धोका कुणाला, याचा काही अंदाज बांधता येतो: मुळातच ठोका रुंद असलेले, पुरुष, आणि अर्थातच यंत्राचे ठोके जास्त घेणारे.

मग तार आधीच योग्य जागी का बसवू नये? अमेरिकेत प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये थेट वाहक तंतूंच्या मुळाशी तार रोवून दाखवली. 2017 मध्ये चीनच्या वेनझोऊमधल्या हुआंग यांच्या गटाने ती पडद्यात खोल, डाव्या फांदीपाशी नेली. ही रीत झपाट्याने पसरते आहे, तरी उजव्या टोकाइतका दशकांचा अनुभव तिच्यापाठी नाही आणि हात बसायला वेळ लागतो. त्यामुळे सरसकट सगळ्यांना तीच, असा आग्रह मला घाईचा वाटतो. ज्याला रात्री अधूनमधून दोन-चार ठोके उसने लागतात, त्याच्यासाठी यंत्र गप्प ठेवणारे प्रोग्रामिंग बरेचदा पुरते. पण पूर्ण ब्लॉकमुळे ज्याचे जवळजवळ सगळेच ठोके यंत्राचे असणार, त्याच्याबाबत जागेचा विचार शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवा. खर्च वाढतो, खरे आहे. मात्र निदानासाठी लागणारा इको महाग नाही.

तेव्हा घरात कुणाला पेसमेकर असेल तर पुढच्या तपासणीत बॅटरीसोबत तो चौथा आकडाही विचारा. तो वीस टक्क्यांवर असेल तर शेवटचा इको कधी झाला ते पाहा, आणि जिना चढताना लागणारी धाप वयाच्या खात्यावर मांडण्याआधी डॉक्टरांना सांगा.