खांदेरीची बत्ती

खांदेरीचा जलदुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा संपादकांनी तटबंदीवर लिहायला सांगितलं. मी एकटीच निघाले आणि किनाऱ्यावरच्या थळहून बेटावरच्या वेताळाच्या दर्शनाला चाललेल्या मंडळींच्या होडीत बसले. तिथलं दीपगृह आतून कधी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं आणि तटबंदी मागे पडली.

इतिहास थोडक्यात असा. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी इंग्रजी आरमाराला अंगावर घेत काम चालू ठेवलं. पुढे बेट आंग्र्यांकडे आणि अखेर इंग्रजांकडे गेलं. ज्यांच्या डोळ्यांत हा किल्ला सलत होता, त्यांनीच १८६७ मध्ये जहाजांसाठी इथे दीपगृह उभारलं.

वर दिव्याच्या खोलीत भरदिवसा पडदे ओढलेले. कारण तिथल्या कर्मचाऱ्याने समजावलं. भिंग रात्री आतला उजेड गोळा करून समुद्रावर फेकतं, तेच दिवसा बाहेरचं ऊन गोळा करून आतल्या वस्तू जाळू शकतं. म्हणून सूर्य वर असेतो काचेची राखण करायची आणि मावळला की दिव्याची.

या भिंगाची करामत फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याची. सबंध जाड काच घेतली असती तर तिचं वजनच पेललं नसतं. त्याने मधली निरुपयोगी जाडी काढून टाकली आणि वक्र पृष्ठभाग तेवढे कड्यांसारखे एकाभोवती एक रचले. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात असं भिंग प्रथम बसलं. पुढे मोठ्या दीपगृहांत ही अवजड भिंगं पाऱ्याच्या हौदात तरंगत फिरू लागली, इतकी हलकी की हाताने ढकलता यावीत. त्यांना फिरवणारं वजन रात्रभर पुन्हापुन्हा वर ओढावं लागे. पाऱ्याची वाफ विषारी असते, आणि माणसं त्याच खोलीत जागत. भिंग फिरतं म्हणून दुरून बत्ती उघडझाप करताना दिसते. शेजारच्या दोन दीपगृहांच्या उघडझापेची लय वेगळी ठेवतात. ती मोजून खलाशी आपण कुठे आहोत हे ओळखतो.

आता विजेचे दिवे आले, आपोआप चालणारी यंत्रं आली. खारा वारा मात्र तोच आहे. लोखंड गंजतं, काचेवर मिठाचा थर बसतो, तारांचे जोड कुजतात. लहानसा सुटा भागही होडीनेच यायचा. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या बंद होतात, आणि बत्तीची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. यंत्र आपोआप चालतं, पण काच आपोआप पुसली जात नाही.

उपग्रह असताना दीपगृह कशाला, असं विचारलं जातं. मोठ्या जहाजाकडे दिशा दाखवणारी चार साधनं असतात. थळच्या छोट्या होडीवरच्या तांडेलाचा मोबाइल भिजला किंवा बॅटरी उतरली, तर त्याला उरते ती बत्तीच. तिला ना वर्गणी लागते, ना नेटवर्क.

आता खांदेरीला गर्दी वाढेल. लोक घंटेसारखा वाजणारा दगड पाहतील, तटावर फोटो काढतील. जरूर काढावेत. पण दीपगृह पाहू दिलं, तर भिंगाला हात लावू नका आणि ते कसं चालतं हे तिथल्या माणसाला आवर्जून विचारा. आणि ज्यांच्या हाती निर्णय आहेत त्यांना एकच विनंती: किल्ल्याच्या जतनासाठी पैसा येईल, तेव्हा बत्तीवरच्या माणसांसाठी पक्का धक्का आणि भरवशाची होडी आधी द्या.