शेजारची जागा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पवनीहून भंडाऱ्याला एस.टी.ने येत होतो. अड्याळला एक म्हातारेबाबा माझ्या शेजारी येऊन बसले. तिकिटाचे पैसे काढताना त्यांची आखडलेली बोटे दिसली आणि मी सरकू लागलो. सरकता सरकता बाकाच्या टोकाला आलो. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "जास्ती सरकू नोको बाबू, पडसील."

मी का सरकतो आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरी काळजी त्यांना माझ्या पडण्याची! मी भंडारा येईपर्यंत मान वर केली नाही.

मग ग्रंथालयात जाऊन या रोगाविषयी वाचले. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टराने १८७३ साली शोधून काढला. म्हणजे हा शाप नव्हे, पूर्वजन्मीचे पापही नव्हे. बहुतेकांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती असते. हात मिळवल्याने किंवा शेजारी बसल्याने तो जडत नाही. जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो, संवेदना जाते, चटका बसला तरी कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. १९८० नंतरच्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. बोटे मात्र पूर्ववत होतातच असे नाही. बाबांचा रोग कदाचित केव्हाच बरा झालेला असेल. उरली होती ती केवळ खूण. आणि मी त्या खुणेला भ्यालो होतो.

असेच भ्यालेले आणखी एक गृहस्थ आपल्याच विदर्भात होऊन गेले. बाबा आमटे हे हिंगणघाटचे, जमीनदाराच्या घरात जन्मलेले वकील. वरोऱ्यात त्यांनी डोक्यावरून मैला वाहण्याचे कामही केले. भीती आपल्याला ठाऊकच नाही अशी त्यांची समजूत होती. एका पावसाळी दिवशी तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी अखेरच्या अवस्थेत पडलेला दिसला, आणि बाबा पळाले! पण त्या पळण्याने त्यांना झोप लागू दिली नाही. ते परतले, त्याच्यावर आडोसा उभारला, त्याची शुश्रूषा केली. पुढे त्यांनी कलकत्त्याला जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले. तेथे भिक्षेऐवजी काम दिले गेले. रोगी शेती करू लागले, विहिरी खोदू लागले.

मला यात महत्त्वाचे वाटते ते बाबांचे परतणे. भीती सर्वांनाच वाटते. ती मान्य करून माघारी वळणे म्हणजेच माणुसकी. दया दुरूनही करता येते, नाणे फेकूनही करता येते. सहवेदनेला मात्र शेजारी बसावे लागते.

मित्रहो, कायदासुद्धा फार उशिरा वळला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते कायद्यातून २०१९ साली निघाले. आपल्या भंडारा जिल्ह्यातून हा रोग अद्याप पुरता गेलेला नाही. अंगावर बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात औषध विनामूल्य मिळते. तरी लोक चट्टा लपवतात, कारण त्यांना रोगापेक्षा आपल्या सरकण्याची धास्ती अधिक असते.

त्यानंतर त्या मार्गाने अनेकदा आलो. ते बाबा पुन्हा भेटले नाहीत. अड्याळ आले की मी शेजारची जागा मोकळी ठेवतो.