विश्रामबागवाडा

पुणे शहराच्या मध्यवस्तीत, बाजीराव रस्त्यालगत, एक जुना लाकडी वाडा उभा आहे. भोवती दुकानांची दाटी आणि वाहनांची वर्दळ असते. परंतु वाड्याच्या सज्जाकडे व कोरीव खांबांकडे दृष्टी गेली, की वाटसरू क्षणभर थांबतोच. हाच विश्रामबागवाडा होय. दोनशे वर्षांत याचे धनी अनेकदा बदलले. वाडा मात्र आपल्या जागी उभाच राहिला.

पूर्वी येथे पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांची बाग होती. त्या जागी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी १८०७ च्या सुमारास स्वतःच्या निवासासाठी हा वाडा बांधला. त्यासाठी सुमारे दोन लक्ष रुपये खर्च आला.

वाड्याची रचना पाहण्यासारखी आहे. आत एकामागून एक असे तीन चौक आहेत. चौक म्हणजे चारही बाजूंनी सोप्यांनी वेढलेले मोकळे अंगण. घर कितीही मोठे असले, तरी चौकामुळे आतल्या दालनांना उजेड आणि वारा मिळतो. अशा वाड्यांत छपराचा व मजल्यांचा बराचसा भार सागवानी खांब व तुळया पेलतात. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करीत, म्हणजे ओल व वाळवी यांपासून लाकडाचे रक्षण होई. दर्शनी भागातील खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचे आहेत. ते तळाशी फुगीर असून वर निमुळते होत जातात.

एवढ्या हौसेने बांधलेल्या या वाड्याचा उपभोग बाजीरावांना फार काळ मिळाला नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली. बाजीराव इंग्रजांचे पेन्शन घेऊन कानपूरजवळील ब्रह्मावर्त येथे गेले आणि वाडा इंग्रज सरकारच्या ताब्यात आला. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत असत. त्या दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये सरकारने येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. ज्या दालनांत राजविलास चालत असे, तेथे आता व्याकरण व न्याय या शास्त्रांचे पाठ होऊ लागले! पुढे याच पाठशाळेतून पुणे कॉलेज व त्यातून डेक्कन कॉलेज उदयास आले. १८६८ मध्ये कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले, तरी वाडा ओस पडला नाही. तेथे सरकारी हायस्कूल भरत असे.

१८७९ च्या मे महिन्यात वाड्यावर मोठे संकट आले. एकाच रात्री बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लावण्यात आल्या. बुधवारवाडा जळून गेला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भाग भस्मसात झाला. परंतु उरलेला वाडा वाचला आणि जळालेला भाग पुन्हा बांधण्यात आला. पुढे वाडा पुणे नगरपालिकेकडे आला. १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि १९५९ पर्यंत शहराचा कारभार येथूनच चालला. पेशव्यांच्या दारात पाऊल टाकताना ज्याला पूर्वी संकोच वाटला असता, तो सामान्य नागरिकही आता आपले गाऱ्हाणे घेऊन त्याच दारातून आत जाऊ लागला. नंतरच्या काळात महानगरपालिकेने वाड्याचा जीर्णोद्धार करून त्याचे जतन केले.

थोरल्या बाजीरावांचा शनिवारवाडा याहून कितीतरी भव्य होता. १८२८ च्या आगीत तो जळाला आणि पुन्हा उभा राहिला नाही. आज तेथे तटबंदी, दरवाजे व जोती तेवढी दिसतात. विश्रामबागवाडाही जळाला होता. पण त्याला पुन्हा उभे करणारे हात मिळाले. एका राजपुरुषाचे घर पुढे शाळा झाले, कचेरी झाले आणि अखेर साऱ्या नगराचे झाले. घर बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. घर मात्र त्याची निगा राखणाऱ्यांमुळे टिकते. असा वाडा पाहावयास जाल, तेव्हा त्याच्या खांबावर आपले नाव कोरण्याचा मोह टाळा. आता तो तुमचाही वाडा आहे.