जेवताना जबड्याखाली सूज? लाळेचा खडा असू शकतो

पहिला घास घेतला की जबड्याखाली गाठ फुगते, ठणका लागतो आणि तास-दोन तासांत सारे ओसरते. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. अशा रुग्णाची अनेकदा आधी दाढ तपासली जाते, कधी अँटिबायोटिकचा कोर्सही होतो. सूज मात्र फिरून येते. दुखणे जेवणाच्या वेळा पाळत असेल, तर लाळग्रंथीच्या नळीत अडकलेल्या खड्याचा विचार आधी व्हायला हवा.

असे १० पैकी ८ तरी खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. तिथली लाळ दाट, त्यात कॅल्शियम जास्त आणि नळी लांब, चढणीची. खाताना लाळ वाढते, वाट मात्र अडलेली. म्हणून ग्रंथी तट्ट होते. पाणी कमी पिणे, तोंड कोरडे पाडणारी काही औषधे यांनी भर पडते. दूध सोडून मात्र काही साधत नाही.

निदानात डॉक्टरांचे बोट मोलाचे. एक बोट जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली ठेवून मागून पुढे चाचपले की खडा कित्येकदा हाताला लागतो. मग सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खडा नाही असे समजू नये. काही खडे त्यात उमटतच नाहीत.

बारीक खडा आपोआप पडू शकतो. भरपूर पाणी, गरम शेक, ग्रंथी मागून पुढे हलके चोळणे आणि लिंबाची फोड चोखणे, एवढ्यानेही काम होते. जिभेखाली पिवळसर ठिपका दिसला म्हणून टाचणीने टोकरणे मात्र टाळावे. नळीच्या तोंडाशी असलेला खडा कान-नाक-घसा तज्ज्ञ जागा बधिर करून तोंडातूनच काढतात. आतला ४-५ मिलिमीटरपर्यंतचा खडा नळीत बारीक दुर्बीण घालून काढता येतो, पण ही सोय सगळीकडे नाही. संपूर्ण ग्रंथी काढणे ही शेवटची वाट. खालचा ओठ हलवणारी नस तिथूनच जाते.

ताप, जिभेखालून पू, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि जेवणाशी संबंध नसलेली, न दुखणारी, आठवड्यांमागून आठवडे टिकणारी टणक गाठ खडा समजून चोळत बसू नये. तिची सुईने तपासणी करून घ्यावी.